दोन पायांवर उभी राहणारी होडी

माझी ताई दात बनवते. खरे नव्हे, कवळीचे. दाताचे डॉक्टर तोंडाचं माप घेऊन पाठवतात आणि ताई तिच्या खोलीत बसून त्यावर आधी मेणाचा, मग पक्का जबडा उभा करते. बत्तीस वर्षं हेच चाललं आहे. त्यामुळे तिला माणसं नावाने लक्षात राहत नाहीत, जबड्याने राहतात. रस्त्यात कोणी ओळखीचं हसलं की ती माझ्या कानाशी पुटपुटते, "वरची माझी. खालची भलत्याच कोणाची आहे, बघ कशी हलतेय."

तिचं काम केसाच्या जाडीवर चालतं. कवळी आणि हिरडी यांच्यात जराशी फट राहिली तरी माणसाला धड जेवता येत नाही, म्हणून ती डोळे मिटून करंगळीने चाचपत फट शोधते. मी लिफ्ट दुरुस्त करतो. लिफ्ट मजल्याच्या बरोबर पातळीत थांबली पाहिजे, दोन बोटं वर नाही की दोन बोटं खाली नाही, यात माझी अर्धी हयात गेली. म्हणजे बहीण फटी बुजवणारी आणि भाऊ पातळ्या जुळवणारा. तरीही ऐन नाकासमोरची एक फट आम्हा दोघांना सव्वीस वर्षं दिसली नाही, त्याची ही हकिगत आहे.

ताईचा रविवार डिंगीचा. डिंगी म्हणजे दोघांपुरती शिडाची होडी. तिला इंजिन नाही, छप्पर नाही, बसायला धड जागा नाही. वाऱ्याचा झोत आला की ती कलते आणि ती उलटू नये म्हणून दोघांनी वरच्या काठावर बसून पाठ थेट पाण्यावर झोकून द्यायची. दिशा बदलताना आडवी काठी डोक्यावरून सणसणत जाते. तेवढ्यात गुडघे मुडपून, वाकून, पलीकडच्या काठावर जाऊन बसायचं. जो वेळेत वाकत नाही त्याला ती काठी चांगलंच लक्षात आणून देते. ताई सुकाणू धरायची, मी पुढचं शीड सांभाळायचो. हे सगळं आम्ही हौसेने करायचो आणि चिंब होऊन घरी यायचो.

मी या होडीत आलो तो हौसेने नाही. विसाव्या वर्षी फोरमनशी भांडून पहिली नोकरी घालवली होती आणि घरात तोंड फुगवून बसलो होतो. राग माझ्या नाकावरच असतो, अजूनही आहे. ताईचं तेव्हा नुकतंच लग्न झालं होतं. ती आली, माझ्या अंगावरचं पांघरूण ओढलं आणि म्हणाली, "चल ऊठ. होडीत पुढे बसायला मला वजन पाहिजे. तुला दुसरं काही येत नसलं तरी वजन आहे ना?" पहिल्या महिन्यात मी वाऱ्याला शिव्या घातल्या, शिडाला घातल्या, तिलाही घातल्या. ती शांतपणे म्हणायची, "झालं बोलून? आता दोर ओढ." त्या होडीने मला माणसात आणलं. पुढच्या नोकरीत मी टिकलो, ते अजून टिकून आहे. हे ताईला मी कधी तोंडाने सांगितलं नव्हतं, म्हणून इथे सांगतो.

आणि धक्क्यावर भाऊजी असायचे. माझ्या ताईचे यजमान बस डेपोत वेळापत्रकं लिहायचे. कुठली गाडी किती वाजून किती मिनिटांनी सुटणार, वाटेत कुठे किती थांबणार, सगळं त्यांच्या डोक्यात. माणूस उंच, किडकिडीत, कमी बोलणारा. लग्नानंतरच्या पहिल्या रविवारपासून ते ताईबरोबर खाडीवर यायचे, पण होडीत कधीच बसले नाहीत. एका हातात थर्मास, खांद्यावर टॉवेल, खिशात वही. वहीत भरती-ओहोटीच्या वेळा, वारा कुठून, आम्ही किती वाजता सुटलो, किती वाजता परतलो. आम्ही परत आलो की ताई लांबूनच ओरडायची, "अहो, दोर!" मी दोर फेकायचो, भाऊजी तो झेलायचे, धक्क्यावरच्या खुंट्याला दोन वेढे द्यायचे आणि ताईच्या अंगावर टॉवेल टाकायचे. मग मला चहा. एकही रविवार यात खंड नाही.

मी त्यांचं नावच 'खुंटा' ठेवलं होतं. खाडीवरच्या आमच्या होड्यांच्या क्लबात सगळे हसायचे. भाऊजीही हसायचे. पाण्याला भिणारा नवरा आणि पाण्यात राहणारी बायको, असा आमचा नेहमीचा विनोद होता. या विनोदाची मला आज लाज वाटते.

गेल्या वर्षी ताईच्या उजव्या गुडघ्याने दगा दिला. दिशा बदलताना ती वाकली आणि गुडघा तसाच अडकून बसला. उठता येईना, सरकता येईना. होडी उलटली. आम्ही पूर्वीही शंभरदा उलटलो असू, पण या वेळी ताई पाण्यात एका पायाने झगडत होती आणि चेहरा पांढराफटक पडला होता. मी तिला काठाला धरून ठेवली. धक्क्यावर पाहिलं तर भाऊजी अगदी कडेला येऊन उभे होते, थर्मास खाली पडून घरंगळत चालला होता.  डॉक्टरांनी गुडघा बघितला आणि डिंगी बंद, एवढंच सांगितलं.

मला वाटलं, संपलं. आठवडा गेला. मग एक दिवस कवळी घासता घासता म्हणाली, "मोठी होडी घेते. कमरेत वाकावं लागणार नाही, आत झोपता येईल, चहा करता येईल अशी. वेगाची हौस भागली आता. एखादा मुक्काम करून यावं म्हणते."

होड्या दुरुस्त करणारे एक मिस्त्री आमच्या क्लबाच्या शेजारीच असतात. अंगाला कायम रंगाचा वास आणि कानावर पेन्सिल. कुठली होडी विकायची आहे, कुणाच्या होडीचा तळ सडला आहे, सगळी खबर त्यांना. त्यांनी आम्हाला दोन महिने होड्या दाखवल्या. ताईची होडी बघायची तऱ्हा अशी, की मालकांना घाम फुटायचा. आत शिरली की डोळे मिटून सांध्यांवरून करंगळी फिरवायची. "इथून पाणी येतं," म्हणायची, आणि यायचं. मिस्त्री मला बाजूला घेऊन म्हणाले, "तुमची बहीण आमच्या धंद्यात आली नाही हे बरं झालं. आम्ही उपाशी मेलो असतो."

मला त्यात एक होडी मनापासून आवडली. निमुळती, तळाखाली एकच खोल लोखंडी कणा असलेली, पाणी कापत जाणारी. मी तिला 'सुरी' म्हणायचो. दुसरी एक होती ती एका निवृत्त नर्सबाईंची. ती आम्ही पहिल्यांदा पाहिली तेव्हा ओहोटी होती आणि ती वाळूवर उभी होती. तिला मधे एक खोल कणा नव्हता, दोन बाजूंना दोन आखूड कणे होते, त्यामुळे पाणी ओसरलं की ती कलंडायची नाही, दोन पायांवर सरळ उभी राहायची. पोट सुटलेली, बुटकी, गोल. "ही म्हैस कशाला बघायची?" मी म्हणालो. "वाऱ्याला हिची कीव आली तर हलणार!" नर्सबाई तिथेच उभ्या होत्या. ताईने माझ्या पायावर पाय दिला आणि त्यांना म्हणाली, "माझा भाऊ आहे. लिफ्टमध्ये बंद असतो, माणसांत वावरायची सवय नाही."

एक गोष्ट मात्र माझ्या ध्यानात येत होती. प्रत्येक होडीत ताई टेप काढून झोपायच्या फळीची लांबी मोजायची. पाच फूट नऊ इंच मिळाली की मान डोलवायची, कमी भरली की कागदावर फुली. सुरीतली फळी बरोबर पाच फूट नऊ होती. ताईची उंची पाच फूट एक. माझी पाच पाच. पाच फूट नऊ इंच आमच्यात एकच माणूस आहे, आणि तो पाण्यावर पाय ठेवत नाही.

"ताई," मी एकदा न राहवून म्हणालो, "भाऊजी काही येणार नाहीत."

"माहीत आहे."

"मग मोजतेस कशाला?"

तिने टेप गुंडाळली. "सव्वीस वर्षं तो माणूस माझ्यासाठी उन्हातान्हात उभा राहिला रे. एकदा तरी त्यांना बरोबर घेऊन जायचंय. तेवढ्यासाठीच घेतेय ही होडी. नाहीतर मला काय, मी घरी बसून कवळ्या केल्या असत्या."

"मग विचार ना त्यांना."

"पहिल्याच रविवारी विचारलं होतं. नाही म्हणाले. पुन्हा नाही विचारलं." टेप पिशवीत टाकून ती म्हणाली, "माणसाला एकाच गोष्टीसाठी दोनदा नाही म्हणायला लावू नये. त्याला ते जड जातं."

  तेव्हापासून मला कळून चुकलं, की होडी निवडणं हे निमित्त आहे. ताईला खरा ध्यास एकच आहे.

सुरीची चाचणी घ्यायला आम्ही एका रविवारी सकाळी निघालो. ताई सुकाणूवर, मी पुढे, मिस्त्री मधे. काय पळाली ती होडी! झोत आला, होडी कलली, आणि मी सवयीने वरच्या काठावरून पाठ पाण्यावर झोकून दिली. मिस्त्री पोट धरधरून हसले. "अहो, खाली दीड टन लोखंड आहे. तुमच्या सत्तर किलोंना कोण विचारतंय? बसा सरळ." मी ओशाळून बसलो. ताई मात्र मला हसली नाही, कारण तीही बाहेर झुकली होती.

परत येताना खरा घोळ झाला. डिंगीत धक्क्याला लागायची रीत अशी, की वेगात यायचं, होडीभर अंतर राहिलं की झटकन वाऱ्याच्या तोंडाला वळायचं आणि शीड सोडायचं. डिंगी हलकी, जागच्या जागी थांबते. काही कमीजास्त झालंच तर पुढच्याने पाय लावायचा. ताई तशीच आली. तशीच वळली. तसंच शीड सोडलं. आणि सुरी थांबलीच नाही. शीड फडफडतंय, त्यात वारा भरलेला नाही, तरी ती आपली सरळ दगडी धक्क्याकडे चालली आहे. मी सवयीने पाय बाहेर काढून बसलो.

"पाय आत घ्या! पाय आत!" मिस्त्री ओरडले. मी पाय ओढला आणि हातातला दोर नुसता भिरकावून दिला.

भाऊजींनी तो हवेतच झेलला. धावले नाहीत, ओढायला गेले नाहीत. खुंट्याला दोन वेढे दिले आणि दोर थोडा थोडा सोडत गेले. दोर करकरला, होडीला हिसका बसला आणि ती दगडापासून वीतभर अंतरावर मुकाट उभी राहिली. मिस्त्रींनी घाम पुसला. "कोण हे गृहस्थ? कुठल्या जहाजावर होते?"

"हे?" ताई म्हणाली. "हे होडीत बसत नाहीत."

त्या दिवशी मी भाऊजींच्या बरोबर थर्मास धुवायला नळावर गेलो. मनात आलं ते बोलून टाकायची माझी खोड आहे. "भाऊजी, रागावू नका, पण तुम्हाला पाण्याची एवढी भीती कसली वाटते हो? तुम्ही नसतात तर आज माझा पाय गेला असता. आणि तुम्हीच होडीत येत नाही."

"पाण्याची?" ते खरोखरच आश्चर्याने म्हणाले. "पाण्याची कुठे भीती आहे? मी पोहतो की. शाळेत असताना तळ्याच्या या काठापासून त्या काठापर्यंत जायचो."

"मग?" मी विचारलं.

त्यांनी थर्मासचं झाकण सावकाश लावलं. मग म्हणाले, "मी आठ वर्षांचा होतो. आई मला घेऊन प्रवासी लाँचमध्ये चढत होती. माझा एक पाय धक्क्यावर, एक लाँचवर. लाट आली, लाँच सरकली आणि मी मधल्या फटीत गेलो. खांद्यापर्यंत अडकलो. आणि लाँच परत धक्क्याकडे यायला लागली." त्यांनी दोन तळवे एकमेकांजवळ आणून दाखवले. "कोणीतरी केसांना धरून वर उपसलं. त्याचा चेहराही आठवत नाही. रोज त्याचे आभार मानतो. पण ती फट ओलांडायला माझा पाय उचलत नाही. एकदा आत बसलो तर काही वाटणार नाही. आत जायचं कसं, तिथेच घोडं अडतं."

"ताईला माहीत आहे हे?"

"पोहतो ते माहीत आहे. फटीचं नाही सांगितलं." ते किंचित हसले. "सांगितलं असतं तर तिने दर रविवारी धक्का सोडताना माझ्याकडे वाईट वाटून बघितलं असतं. कदाचित होडीच सोडली असती. तू तिला परत येताना पाहिलं आहेस का कधी? तू पुढे तोंड करून बसतोस, तुला नाही दिसत. मला धक्क्यावरून दिसायचं. आठवडाभर मान मोडून काम करणारी बाई असा चेहरा घेऊन परत यायची, की बस्स. ते बघायला मी येत होतो. माझा तोटा काही झाला नाही. आता हे तुझ्याजवळच ठेव."

 मी लिफ्टवाला. लिफ्ट आणि मजला यांच्यामधल्या चार बोटांच्या फटीपाशी थबकणारी माणसं मी रोज बघतो. त्यांना मी हात देतो, "घाबरू नका, या" म्हणतो. आणि माझ्याच घरातल्या माणसाला मी खुंटा म्हणून मोकळा झालो होतो.

त्या रात्री झोप लागली नाही असं काही म्हणत नाही. चांगली लागली. पण सकाळी एका इमारतीत लिफ्टची पातळी लावताना डोक्यात लख्ख प्रकाश पडला. फट ओलांडायची नसेल तर लिफ्ट मजल्याला टेकेपर्यंत थांबायचं. म्हैस! ती वाळूवर दोन पायांवर उभी राहते. तिच्याभोवती पाणीच नसतं. पाणी नाही तर फट कुठली? शिडी लावायची, घराच्या माळ्यावर चढावं तसं चढायचं, आत बसायचं आणि भरती यायची वाट बघायची. पाणीच येऊन उचलेल.

हत्यारं तशीच टाकून मी ताईच्या खोलीवर गेलो. "ताई, ती म्हैस घे."

ती कुणाच्या तरी दाढेवर वाकली होती. "काल पायाला लागलं की डोक्याला?"

"नाही, चांगली आहे ती. प्रशस्त आहे. पोटात जागा आहे."

"दोन महिने सुरी सुरी करून माझा जीव खाल्लास. आता म्हैस?" तिने चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. मला खोटं बोलता येत नाही, कान लाल होतात. मी नर्सबाईंचा स्वभाव किती चांगला आहे ते सांगितलं, म्हशीचा रंग डोळ्यांना बरा वाटतो तेही सांगितलं. ताई म्हणाली, "तुझं काहीतरी बिनसलंय. जा, कामावर जा."

मग ताईची नजर चुकवून मी भाऊजींकडे गेलो आणि त्यांना सगळं सांगितलं. दोन कणे, वाळू, शिडी. ते ऐकत राहिले.  मग खिशातून वही काढली, भरतीचं कोष्टक उघडलं आणि बोट फिरवत गेले, जशी कुणाला शेवटची गाडी शोधून द्यावी. "गुरुवारी दुपारी पाऊण वाजता ती पूर्ण कोरडी असेल," ते म्हणाले. "तिला जेवणाच्या सुट्टीत बोलाव. मी आहे हे सांगू नकोस. पाय उचलला नाही तर तिला कळायला नको."

गुरुवारी आम्ही दोघं आधीच पोचलो. वाळू ओली, घट्ट होती. म्हैस तिच्या दोन पायांवर निवांत उभी होती. मिस्त्रींनी शिडी आणून लावली, खाली फळी ठेवली आणि भलते शहाणे असल्यामुळे मागे वळून न बघता निघून गेले. भाऊजी शिडीपाशी उभे राहिले. त्यांनी वाकून होडीखाली बघितलं. वाळू. शिडीच्या मागे बघितलं. वाळू. मग पायातली चप्पल काढून जोडीने नीट ठेवली आणि चढले. सात पायऱ्या. मी मोजल्या.

दहा मिनिटांनी ताई आली, हाताला कवळीच्या साच्याचं पांढरं प्लास्टर तसंच, लंगडत, वैतागलेली. "काय एवढं अडलं होतं? माझं मेण तिकडे..." आणि तिला चप्पल दिसली. भाऊजींची चप्पल ती अंधारातही ओळखेल. तिने माझ्याकडे बघितलं. मी वाळूकडे बघितलं. ती शिडी चढली, दुखऱ्या गुडघ्याने, एकेका पायरीवर दोन्ही पाय ठेवत.

मी बाहेरच थांबलो. उघड्या झडपेतून ऐकू येत होतं.

"अहो," ताई म्हणाली. नुसतं एवढंच.

"मापात आहे," भाऊजी म्हणाले. ते त्या फळीवर आडवे झाले असणार. "पाय बरोबर टेकतात. तू मोजत होतीस म्हणे." मग त्यांनी तिला ती लाँचची गोष्ट सांगितली. किती वेळ ते बोलत होते कोण जाणे. ताई रडली, मला ऐकू आलं. "मला का नाही सांगितलंत?" असं तिने तीनदा विचारलं. चौथ्यांदा ती म्हणाली, "बसल्यावर खिडकी डोळ्यांसमोर येते का बघा. नाहीतर ही फळी चार इंच वर घ्यावी लागेल." तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. होडी ठरली होती.

पहिल्या सफरीचा दिवस भाऊजींनीच कोष्टकातून काढला. सकाळी आठला चढायचं, नऊ चाळीसला पाणी उचलेल, संध्याकाळी पाच बावन्नला पुन्हा टेकेल. त्या दिवशी त्यांच्या पिशवीतला टॉवेल पाहून मी म्हणालो, "भाऊजी, या होडीत कोणी भिजत नाही. टॉवेल कशाला?"

"असू दे," म्हणाले.

शिडी चढून आम्ही तिघं आत बसलो. ताईने आतल्या छोट्या स्टोव्हवर चहा केला. बाहेर वाळूवरून पाण्याची एक पातळ रेघ सरकत आली, दोन्ही कण्यांना वळसा घालून गेली, मग पसरली. भाऊजी वही हातात धरून बसले होते. पाणी वर चढत गेलं. एकदा होडीने हलकासा झोला घेतला, परत टेकली. पुन्हा एक झोला. मग टेकलीच नाही. भाऊजींनी कपबशी घट्ट धरली आणि खिडकीतून बाहेर बघितलं. वाळू गेली होती, सगळीकडे पाणी होतं, आणि ते त्याच्या मधोमध बसले होते.

"नऊ सदतीस," ते म्हणाले. "तीन मिनिटं आधी." आणि असे हसले, की मला त्यांच्या तोंडावरून आठ वर्षांचा मुलगा कसा असेल ते दिसलं.

म्हैस काही पळाली नाही. रमत गमत, डुलत डुलत गेली. मी एकही टोमणा मारला नाही. ताई सुकाणूवर होती आणि भाऊजी तिच्या बाजूला, जरा मागे, पाठ टेकून, जिथून माझ्या ताईचा चेहरा आता जवळून दिसत होता. ते पाण्याकडे कमी आणि तिच्याकडेच जास्त बघत होते. मी पुढे तोंड करून बसलो होतो, पण या वेळी मधून मधून मागे वळून पाहिलं. ते बरोबर सांगत होते. तो चेहरा बघायला मीसुद्धा सव्वीस वर्षं उन्हात उभा राहिलो असतो.

चार वाजता परत फिरलो. धक्क्याला जायचंच नाही असं ठरलं होतं. त्याच्या अलीकडे वाळूचा उतार आहे, तिथे नांगर टाकायचा आणि पाणी ओसरेपर्यंत बसायचं. ताईने दोनदा मान डोलावून ऐकून घेतलं होतं. पण सुकाणू तिच्या हातात होतं आणि त्या हाताला घरचा रस्ता एकच ठाऊक होता. तिने होडी सरळ धक्क्याकडे घातली. मलाही काही चुकीचं वाटलं नाही. मी दोर गुंडाळून हातात घेऊन उभा राहिलो. या वेळी ताई शहाणी होऊन लांबूनच वळली, शीड सोडलं, म्हैस हळू होत होत धक्क्याजवळ आली, आणि ताई दर रविवारी ओरडायची तशी ओरडली, "अहो, दोर!"

मी फेकला. दोर धक्क्यावर जाऊन पडला, क्षणभर तिथे राहिला आणि घसरून पाण्यात गेला. तो झेलायला कोणी नव्हतं. खुंटा होता, त्याच्याजवळ माणूस नव्हता. थर्मास नव्हता, वही नव्हती. त्या जागी तो माणूस नाही असं मी जन्मात पाहिलं नव्हतं. ताईनेही नव्हतं. तिचा चेहरा एकदम उतरला. ती धक्क्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत त्यांना शोधायला लागली, खरंच शोधायला लागली.

तिच्या पाठीमागून, हातभर अंतरावरून, शांत आवाज आला, "अगं, मी इथे आहे."

ताई वळली. सुकाणूवरचा हात तसाच ठेवून ती त्यांच्याकडे बघत राहिली.

"हो," ती म्हणाली. "हो, आहात की."

आणि भाऊजींनी पिशवीतून टॉवेल काढून तिच्या हातात दिला.